राखून ठेवलेलं काम

घराला रंग द्यायचा म्हणून काल सगळं सामान अंगणात काढलं. रंगारी सकाळीच आले आणि एकेक वस्तू उचलून बाहेर नेऊ लागले. मी आत डबे झाकत बसले होते. बाहेर आले आणि दारातच थांबले.

इतकी वर्षं ही लाकडं घरातच होती, पण वेगवेगळ्या कोपऱ्यांत. कुणावर कपड्यांची चवड, कुणावर पिठाचे डबे, कुणावर पांघरुणं. काल पहिल्यांदाच सगळी एका जागी उन्हात उभी होती. मांडणी, फळ्या, पाट, देवाचा चौरंग, लहानमोठी स्टुलं आणि मधोमध तो उंच पलंग. लग्नघरी पाहुणे यावेत आणि कुणी 'बसा' म्हणायचं राहून जावं, तसं दिसत होतं सगळं.

"काकी, ह्यो पलंग कुणी केला?" एका रंगाऱ्यानं विचारलं. "ह्याच्यावर चढायचं कसं?"

मी नुसती हसले. मला पटकन काही बोलता येत नाही. बोलायचं ते मागून सुचतं, आणि तेव्हा समोर कुणी नसतं.

दुपारपर्यंत लाकडं तापली आणि त्यांना वास सुटला. खारट वास. भिजून वाळलेल्या दोरखंडासारखा, त्यात जुन्या तेलाचा थोडासा. रंगाच्या वासातूनही तो मला वेगळा आला. हा माझ्या बाबांच्या सदऱ्याचा वास.

माझं माहेर पेण तालुक्यात, धरमतरच्या खाडीला लागून. बाबा मिठागरावर कामाला होते. पावसाळ्यात मिठागर बंद असायचं, तेव्हा ते लाकडात हात घालायचे. ते सुतार नव्हते, त्यांना कुणी शिकवलंही नव्हतं. खाडीच्या कडेला जुने मचवे, म्हणजे माल वाहणाऱ्या मोठ्या होड्या, मोडायला काढत, त्यांच्या फळ्या ते आणायचे. खाडीचं पाणी आत-बाहेर सोडायला बांधाला दारं असतात, ती कुजली की त्यातलं चांगलं लाकूड निवडून आणायचे. त्या लाकडाच्या पोटात इतकं मीठ असायचं की पावसात त्याला पाणी सुटायचं आणि उन्हाळ्यात वर पांढरी भुकटी यायची. लहानपणी आम्ही भावंडं टेबलाचा पाय चाटून बघायचो. लोखंडी खिळा त्यात टिकायचा नाही, गंजून गळून पडायचा. म्हणून बाबा लाकडाचेच खिळे करायचे. दारात पाय पसरून बसायचे आणि सुरीनं एकेक खिळा तासत राहायचे. त्यांच्या मांडीवर तासलेल्या सालपटांचा ढीग व्हायचा आणि मांजर येऊन त्यात झोपायचं.

नव्वद सालाच्या पुढंमागं माझं लग्न झालं आणि मी इथं, रोह्याच्या पुलापलीकडं अष्टमी गावाला आले. घरात तिघंच. सासूबाई, हे आणि मी. ह्यांना कंपनीत नोकरी होती, शिफ्टची. घर बरं होतं, पण रिकामं. बोललं की आवाज घुमायचा. मी तर बोलतच नव्हते, म्हणून भांड्यांचा घुमायचा.

आमच्यात तेव्हा रीत होती. लेकीला मूल होत नाही तोवर बापानं तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. आणि पाणी प्यायचं नाही तर उगाच जायचं तरी कशाला? म्हणून बाप लेकीला सणासुदीला न्यायला यायचा, दारातच उभा राहायचा आणि तिला घेऊन परत जायचा. माझे बाबा रीत मोडणारे नव्हते. पण त्यांनी एक वाट काढली. ते कामाला आले.

पहिल्यांदा आले तेव्हा एसटीच्या टपावर लाकडं बांधून आले. ती उतरवताना कंडक्टर कातावला होता, "आजोबा, एसटी हाय का वखार?" बाबा त्याला म्हणाले, "पोरीचा पलंग हाय दादा, जरा धर." आणि त्या कंडक्टरनं खरंच एक बाजू धरून दिली. हे सगळं मला बाबांनी नाही सांगितलं. आमच्या शेजारच्या सुलूकाकी त्याच गाडीनं आल्या होत्या, त्यांनी गल्लीभर सांगितलं.

बाबा दारात आले. खांद्याला गोणपाटाची पिशवी, तीत करवत, रंधा, पटाशी, वाकस. सासूबाई पुढं झाल्या. "या व्याही. पाणी घ्या."

"नको विहीणबाई. काम हाय म्हणून आलो."

"अहो, रीत जेवणाची. पाण्याला कसली रीत?"

"पाण्यालाच पयली," बाबा म्हणाले आणि अंगणातच पिशवी सोडून बसले.

पलंग त्यांनी इथंच अंगणात जुळवला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. खाचेत खिळा बसला की ते एकदा हातानं थोपटायचे, जनावराच्या पाठीवर थोपटावं तसं. संध्याकाळी पलंग उभा राहिला आणि सासूबाई त्याच्याकडं बघतच राहिल्या. पलंग त्यांच्या कमरेला लागत होता.

"व्याही, हा पलंग केलात का माळा?"

कुंपणापलीकडून सुलूकाकी ओरडल्या, "शिडी कुठं हाय?"

बाबा गोंधळले. त्यांनी पलंगाकडं पाहिलं, मग आमच्या घराच्या जोत्याकडं पाहिलं. "पाणी आलं तर?"

"कुठलं पाणी?"

"उधाणाचं."

आमच्या माहेरी अमावस्या-पुनवेला मोठी भरती आली की पाणी घरात यायचं. कधी घोट्याएवढं, कधी त्याच्या वर. म्हणून तिथं सगळं उंच पायांवर. खाट उंच, चुलीचा ओटा उंच, कोंबड्यांची खुराडीसुद्धा उंच. पलंगाची उंची म्हणजे उधाणाच्या वर वीतभर, हे एकच माप बाबांना ठाऊक होतं. बुटका पलंग असतो हे त्यांच्या मनातच कधी आलं नव्हतं.

"अहो, आमचं घर चढावर. इथं कुठलं उधाण?" सासूबाईंना हसू आवरेना. हे पण हसले. बाबासुद्धा थोडे हसले, मान खाली घालून. मला मात्र खिडकीत उभं राहून रडूही येत होतं आणि हसूही.

"असू दे," बाबा म्हणाले. "उंच असलेलं बरं."

"पुढच्या खेपेला पाय कापून द्या," सासूबाई म्हणाल्या.

पुढच्या खेपेला. हे शब्द मी धरून ठेवले. म्हणजे पुढची खेप होती. बाबा संध्याकाळच्या गाडीनं गेले, पाण्याचा थेंब न घेता. बरोबर आणलेली भाकरी त्यांनी कुंपणाजवळ शेवग्याखाली बसून खाल्ली होती आणि बाटलीतलं पाणी प्यायले होते. माझ्या घरी येऊन माझे बाबा उपऱ्यासारखे शेवग्याखाली जेवले. मी त्या रात्री पलंगावर चढले आणि लाकडाला नाक लावून झोपले.

मग मला एक खूळ लागलं. ह्यांच्या कंपनीत पेणकडचे एक जण रोज कामाला यायचे. त्यांच्याबरोबर मी निरोप धाडायला लागले. बाबांना म्हणावं, डबे ठेवायला फळी पाहिजे. काही दिवसांनी निरोप, देव जमिनीवर बसलेत, चौरंग पाहिजे. मग स्टूल. मग दुसरं स्टूल, पहिलं जरा मोठं झालं म्हणून. पलंगाचे पाय मात्र कापायला सांगायचे नाही. ते काम मी राखून ठेवलं होतं. कधी दुसरं काहीच मागायला उरलं नाही, तर ते असू दे म्हणून.

बाबा प्रत्येक वेळी यायचे. "काम हाय म्हणून आलो," हेच पहिलं वाक्य.

ह्यांची रात्रपाळी असेल तो आठवडा मला सगळ्यांत आवडायचा. हे दिवसा झोपायचे, म्हणून बाबा हातोडी उचलायचे नाहीत. "जावई झोपलेत," म्हणायचे आणि आवाज न होणारी कामं काढायचे. खिळे तासणं, काचकागद घासणं, तेल लावणं. काम रेंगाळायचं. एका दिवसाचं काम दोन दिवस पुरायचं आणि बाबा दुसऱ्या दिवशी परत यायचे. मी ओसरीवर तांदूळ निवडत बसायचे. आम्ही फार बोलायचो नाही. काचकागदाचा खसखस आवाज, सुपातल्या तांदळाचा आवाज, कधी बाबांचा खोकला. एवढंच. पण तेवढ्यानं माझं घर भरून जायचं.

एकदा मी निरोप द्यायला निघाले तेव्हा सासूबाईंनी मला अडवलं. "आता काय सांगणार?"

"स्टूल," मी म्हणाले.

"अगो, बसायला माणसं कुठून आणणार आपण?" मग माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "तुला स्टूल पायजे का बाप पायजे?"

मी उंबऱ्यातच खाली बसले.

"मग नीट सांग ना. पाट सांग. सहा पाट सांग. पाटांना लई खेपा लागतात."

चहाची युक्तीही त्यांचीच. बाबांच्या घशाला कोरड पडलेली त्यांना बघवत नव्हती. एक दिवस त्यांनी मला चहा करायला लावला, कप कुंपणावरून सुलूकाकींच्या हातात दिला आणि डोळे मिचकावले. सुलूकाकी वळसा घालून रस्त्याच्या बाजूनं अंगणात आल्या. "घ्या हो, चहा घ्या. माझ्या घरचा हाय, चालंल ना?"

"शेजाऱ्यांचा चालतो," बाबा म्हणाले. कप हातात घेतला. तो आमचाच कप, हिरव्या काठाचा, कान तुटलेला. बाबांनी एक घोट घेतला आणि थांबले. खिडकीकडं बघितलं नाही त्यांनी. पण मोठ्यानं म्हणाले, "चांगला झालाय हो तुमचा चहा. आमची पोर अगदी असाच करायची. साखरंला हात आखडायची."

"म्हंजे गोड नाय झाला म्हणताय?" सुलूकाकी मुद्दाम फुरंगटल्या.

"नाय गो बाय, तसं नाय. सवयीचा हाय."

मी खिडकीच्या मागे भिंतीला टेकून उभी होते. तोंडावर पदर धरला होता. त्या दिवसापासून बाबा आले की चहा सुलूकाकींच्या घरून यायचा. साखर मी तेवढीच घालत राहिले. जास्त घातली असती तर तो माझा चहा राहिला नसता.

मुलगी झाली ती माहेरी. बाळंतपणात बाबांनी तिला पांगुळगाडा केला. तीन चाकं, उभं राहून धरायला दांडा आणि पुढं एक लाकडी पोपट. गाडा ढकलला की चाकाबरोबर पोपट मान हलवायचा आणि टक टक वाजायचा. पोर अजून मानही धरत नव्हती आणि बाबा गाडा घरभर ढकलून बघायचे. आई म्हणायची, "तूच चालायला शिक त्याच्यावर!"

मी बाळाला घेऊन अष्टमीला परत आले आणि रीत संपली. आता बाबा माझ्या घरी जेवू शकत होते. त्या दिवसाची मी किती वाट बघितली होती. सकाळपासून राबत होते. वालाचं बिरडं केलं, ओल्या बोंबलाचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या. बाबांनीच केलेला पाट मांडला, समोर त्यांच्याच दुसऱ्या पाटावर ताट ठेवलं. सासूबाई म्हणाल्या, "या व्याही, आता सुटलात. या आत."

बाबा आत आले. उंबऱ्यावर थोडे अडखळले. त्या घरातली बहुतेक सगळी लाकडं त्यांच्या हातची, पण ती जागेवर लावलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती. सगळीकडं मान वळवून बघत राहिले. मग बसले आणि भराभरा जेवले, कुणी मागं लागल्यासारखे. मी भाकरी वाढायला वाकले तर हात आडवा धरला. पाणी प्यायले, तांब्या खाली ठेवला आणि उठलेच.

"बसा ना बाबा," मी म्हणाले.

"ते दार कुरकुरतंय गो," म्हणाले आणि रंधा काढला.

तेव्हा मला कळलं की रीत सुटली तरी बाबांना माझ्या घरात नुसतं बसता येणार नाही. मग मी नव्या आशेवर जगायला लागले. एक दिवस बाबा पिशवी न घेता येतील. पाहुण्यासारखे. पलंगावर टेकतील, पाय वर घेतील, इकडचं तिकडचं बोलतील, झोपतीलसुद्धा दुपारी.

तोवर ते पोरीसाठी काही ना काही करत राहिले. मचव्याच्या कुशीची एक लांब फळी त्यांनी आणली. मचव्याचं अंग फुगीर असतं, म्हणून ती फळी मुळातच वाकलेली होती. बाबांनी तिला फक्त घासून घासून काचेसारखी केली, वर चढायला पायऱ्या लावल्या आणि अंगणात घसरगुंडी झाली. गल्लीतली सगळी पोरं आमच्याकडं. पोरांच्या चड्ड्यांना मागं पांढरं मीठ लागायचं आणि त्यांच्या आया मला ओरडायच्या, "तुमच्या घसरगुंडीवर पोरांची लोणची घालताय काय?" घसरगुंडी आता नाही. कधी गेली, कुठं गेली, आठवत नाही. पण दुपारी अंगण शांत झालं की अजून मला पोरं घसरल्याचा आवाज येतो. आधी पायऱ्यांवर धपधप, मग क्षणभर काहीच नाही, मग हसणं.

आणि त्या उंच पलंगाखाली त्यांनी पोरीला घर करून दिलं. एका बाजूला फळ्यांची भिंत, तिला छोटं दार, खिडकी, खिडकीला गज म्हणून काड्या. आत तळहाताएवढं पोळपाट-लाटणं, चूल, जातं. पोर आत बसून मला ऑर्डर सोडायची, "आई, पीठ दे." दुपारी मी वर पडलेली असायचे आणि खालून तिचं बोलणं ऐकू यायचं. ती बाहुलीला म्हणायची, "पाणी पी, आता चालतं."

मग पोर मोठी झाली. पलंगाखाली मावेनाशी झाली. मिठागरही तोवर बंद पडलं. बाबांचं येणं कमी झालं, मी निरोप धाडले तरी.

आणि एक दिवस ते आले. उन्हं कलली होती. दार उघडलं तर बाबा, आणि खांदा मोकळा. मी आधी त्यांच्या तोंडाकडं न बघता खांद्याकडंच बघितलं.

"पिशवी कुठं बाबा?"

"दिली."

"कुणाला?"

"हाय एक. गरज होती त्याला." मग म्हणाले, "काम नाय काय आज. असाच आलो."

किती वर्षं मी ह्या शब्दांची वाट बघितली होती! मला काय करू नि काय नको असं झालं. "बसा, बसा," म्हणत मी पलंगावरची चादर झटकली. बाबा स्टुलावर पाय ठेवून पलंगावर चढले. पहिल्यांदाच चढले ते त्याच्यावर. आणि त्यांचे पाय जमिनीला पोचेनात. लहान पोरासारखे लोंबकळत राहिले. त्यांनी खाली बघितलं, पाय हलवून बघितले आणि हसायला लागले.

"उंच झाला गो हा!"

मीही हसले. "मग? सगळे सांगतच होते की."

"एवढी वर्षं तशीच चढतेस? बोलली नाय कधी?"

"मला बरा वाटतो."

"छे. कापायला पायजेत पाय." त्यांचा उजवा हात आपोआप बाजूला गेला, जिथं पिशवी ठेवायचे तिथं, चादरीवर चाचपला आणि परत मांडीवर आला. मांडीवर आल्यावर दुसऱ्या हातानं त्यांनी तो दाबून धरला. तेव्हा मला दिसलं की तो थरथरत होता. चहा मी दिला तो त्यांनी दोन्ही हातांनी धरून प्यायला. मागचं दार वाऱ्यानं हललं आणि चांगलं लांबलचक कुरकुरलं. बाबांनी तिकडं बघितलंसुद्धा नाही.

"पुढच्या खेपेला कापा," मी म्हणाले. "मी थांबते. मला घाई नाही."

"व्हय. पुढच्या खेपेला."

त्या दिवशी ते खरंच पाहुण्यासारखे राहिले. जेवले, सावकाश. पोरीची शाळा विचारली. रात्री त्याच पलंगावर झोपले आणि मी खाली चटईवर पडून त्यांच्या घोरण्याचा आवाज ऐकत राहिले. मी मागितलं होतं ते सगळं मला मिळालं होतं. तरी मी मनात म्हणत होते, उद्या उठून एखादं स्टूल मोडलेलं दिसावं, एखादी फळी निखळावी, आणि बाबांनी म्हणावं, आण गो रंधा.

पुढची खेप झाली नाही.

आज दुपारी रंगाऱ्यांनी आतली एक खोली संपवली. जेवायच्या सुट्टीत ते जोत्याच्या सावलीला बसले होते. मी अंगणात आले. उन्हातून फिरले, एकेका लाकडाला हात लावला. पाटांना. मांडणीला. कुठं काचकागद घासला होता ते अजून कळतं, तिथं बोट सरकतं. मग मी एक स्टूल ओढलं आणि बसले. सूप नाही, भाजी नाही, हातात काहीच नाही. रस्त्यानं येणारे-जाणारे बघत होते. एरवी मी अशी अंगणात, लोकांच्या नजरेत, कधी बसत नाही. थोडा वेळ लाज वाटली. मग नाही वाटली.

रंगाऱ्यांतला एक जण उठून आला. त्याला वाटलं मी कधीची थांबलेय. "काकी, काय काम होतं काय?"

"नाय रे," मी म्हणाले. "काम काय नाय. बसलेय."